पलटणीचे सेवावृत्त कोठे संपते? मेसोपोटेमियातील तीन मराठा पलटणींचा अभ्यास (१९१४–१९१८)

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास आपल्या महाविद्यालयीन पाठ्यक्रमात प्रामुख्याने कारणे, घटनाक्रम आणि परिणाम या तीन शीर्षकांखाली शिकविला जातो. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत भारताचा सहभाग सहसा एकाच परिच्छेदात येतो. भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी आघाड्यांवर गेली, सुमारे ७४ हजार मृत्युमुखी पडली आणि त्या बदल्यात मिळालेल्या सुधारणांनी राष्ट्रीय चळवळीचे समाधान झाले नाही, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हे विधान खरे आहे. तथापि ही माणसे कोण होती, ती कोणत्या पलटणीत होती आणि नेमकी कशाने मेली, या प्रश्नांकडे त्यातून लक्ष जात नाही.

या प्रश्नांची उत्तरे ज्या साधनांत सापडू शकतात त्यांतील एक महत्त्वाचे साधन म्हणजे पलटणीचे सेवावृत्त होय. पलटण केव्हा उभी राहिली, कोणत्या ब्रिगेडला जोडली गेली, कोठे लढली आणि केव्हा परतली याची ती कालक्रमानुसार केलेली नोंद असते. प्रस्तुत लेखात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणींच्या मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कामगिरीचा विचार केला आहे. सेवावृत्त कसे वाचावे, त्यातून काय कळते आणि त्यात काय गाळले जाते, हे स्पष्ट करणे हा लेखाचा उद्देश आहे.

सेवावृत्ताचे स्वरूप

सेवावृत्त या लेखनप्रकाराचा सर्वांत पद्धतशीर नमुना अमेरिकेत आढळतो. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–१८६५) संघराज्याच्या बाजूने लढलेल्या पलटणींची माहिती फ्रेडरिक डायर याने एकत्र केली आणि १९०८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यातील प्रत्येक नोंदीचा साचा ठरलेला आहे. पलटण कोठे व केव्हा संघटित झाली, कोणत्या ब्रिगेडमध्ये व डिव्हिजनमध्ये होती, तिने कोणत्या मोहिमांत भाग घेतला आणि ती केव्हा विसर्जित झाली, या क्रमाने माहिती येते. नोंदीच्या शेवटी मृतांचा हिशेब असतो. लढाईत ठार झालेले व जखमांनी दगावलेले अधिकारी व शिपाई एका गटात, तर रोगाने दगावलेले दुसऱ्या गटात दिलेले असतात.

या शेवटच्या ओळीमुळे संपूर्ण वृत्तान्ताचा अर्थ बदलतो. संघराज्याच्या बाजूच्या सुमारे ३ लाख ६० हजार मृतांपैकी लढाईत अथवा जखमांमुळे मेलेले सुमारे १ लाख १० हजार होते. उरलेल्यांपैकी बहुतेक आमांश, विषमज्वर यांसारख्या रोगांनी व कैदेतील हालअपेष्टांनी मेले. वरच्या वीस ओळी लढायांच्या नावांनी भरलेल्या असल्या, तरी शिपायाचा मृत्यू बहुधा त्या नावांच्या बाहेर घडला, हे शेवटची ओळ सांगते.

भारतीय पलटणींच्या प्रचलित वृत्तान्तात मात्र ही शेवटची ओळ सहसा नसते. तेथे लढाईमानांची यादी असते. निशाणावर ज्या लढायांची नावे मिरविण्याचा अधिकार मिळाला त्या लढाया नोंदविल्या जातात. रोग, उपासमार आणि कैद यांचे लढाईमान नसते. म्हणून भारतीय पलटणीचे सेवावृत्त वाचताना ही गाळलेली ओळ अभ्यासकाला स्वतः शोधावी लागते.

तीन पलटणींची जडणघडण

या तीनही पलटणी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातून आल्या. १०३ व्या पलटणीचा उगम १७६८ मध्ये उभारलेल्या मुंबई शिपायांच्या पलटणीत आहे. ११० वी १७९७ मध्ये आणि ११७ वी १८०० मध्ये उभी राहिली. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरने भारतीय सैन्याची पुनर्रचना केली. त्यावेळी मुंबई सैन्यातील पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवून नवे क्रमांक देण्यात आले. त्यानुसार तिसरीची १०३ वी, दहावीची ११० वी आणि सतरावीची ११७ वी झाली.

या पलटणींत कोकणी व देशावरचे मराठे बहुसंख्य होते. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतील शेतकरी कुटुंबांतून भरती होत असे. त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. 'मराठा' या नावावरून पलटण एकजातीय असावी असा समज होतो, तो वस्तुस्थितीला धरून नाही. त्या काळी एका भारतीय पलटणीत साधारण साडेसातशे माणसे असत. वरचे अधिकारी इंग्रज, त्यांच्याखाली सुभेदार व जमादार हे भारतीय अधिकारी आणि मग हवालदार, नाईक व शिपाई अशी उतरंड होती.

पलटणीबरोबर आणखी एक वर्ग चालत असे. भिस्ती, स्वयंपाकी, मोतद्दार, डोलीवाले, खेचरवाले, सफाई करणारे अशा लोकांना मराठीत बाजारबुणगे हा काहीसा हेटाळणीचा शब्द रूढ आहे. 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्तानुसार ज्यांना शिपाई म्हणून घेतले जात नसे त्यांतील अनेकांना या कामांवर घेतले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची भरती बंद करण्यात आली होती. माणसांची टंचाई भासू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. सेवावृत्तात कोणाला स्थान मिळते हे अशा रीतीने भरतीच्या धोरणानेच आधी ठरविलेले असते.

फाओ ते टेसिफॉन

युद्ध सुरू झाले तेव्हा या तीनही पलटणी सहाव्या (पुणे) डिव्हिजनच्या वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये होत्या. ११७ वी सोळाव्या, १०३ वी सतराव्या आणि ११० वी अठराव्या ब्रिगेडमध्ये होती. पलटण समजून घ्यायची असेल तर आधी तिची ब्रिगेड पाहावी, हा या अभ्यासातील पहिला नियम होय. कारण पलटण कोठे जाईल हे ब्रिगेड ठरविते.

६ नोव्हेंबर १९१४ रोजी सोळाव्या ब्रिगेडचे सैन्य शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे उतरले. अबादान येथील तेलशुद्धीकरण कारखाना व तेलाची नळवाहिनी सुरक्षित ठेवणे आणि इराणी आखातातील ब्रिटिश वर्चस्व टिकविणे हे या मोहिमेचे मूळ हेतू होते. १७ नोव्हेंबरला साहिल येथे लढाई झाली, २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले आणि ९ डिसेंबरला तैग्रिस व युफ्रेटिस यांच्या जुन्या संगमावरील कुर्ना पडले. मूळ हेतू येथे साध्य झाला होता.

एप्रिल १९१५ मध्ये तुर्की सैन्याने बसरा परत घेण्याचा प्रयत्न केला. १२ ते १४ एप्रिल या तीन दिवसांत बसऱ्याच्या पश्चिमेस शैबा येथे लढाई झाली. सोळावी व अठरावी ब्रिगेड, म्हणजेच ११७ वी व ११० वी या दोन्ही मराठा पलटणी, या लढाईत होत्या. बसरा व शैबा यांच्यामधला सखल प्रदेश पुराच्या पाण्याखाली होता. १४ एप्रिलला उघड्या मैदानातून पुढे सरकत संगिनींच्या हल्ल्याने निर्णय लागला. पराभूत तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने त्यानंतर आत्महत्या केली.

याच महिन्यात मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड सहाव्या डिव्हिजनचा सेनापती झाला. ३१ मे १९१५ रोजी कुर्नाच्या उत्तरेस पाण्याने वेढलेल्या टेकाडांवरील तुर्की ठाण्यांवर हल्ला करण्यात आला. सतराव्या ब्रिगेडचे शिपाई 'बेलम' नावाच्या स्थानिक होड्यांत बसून बोरूच्या बेटांतून पुढे गेले. १०३ वी पलटण या ब्रिगेडमध्ये होती. पायदळाने होड्या वल्हवीत हल्ला करावा, असा हा प्रसंग सेवावृत्तात एका ओळीत उरकला जातो. ३ जूनला अमारा हाती आले आणि २८ सप्टेंबरला कुत अल-अमारा. प्रत्येक विजयाबरोबर बसऱ्याचा तळ मागे राहत गेला.

सेवावृत्त वाचण्याचा दुसरा नियम येथे लागू पडतो. लढाईच्या तारखांबरोबर अंतरे व वाहतुकीची साधनेही पाहावीत. रसदीचा एकमेव मार्ग तैग्रिस नदी हा होता. नदी वळणावळणांची, उन्हाळ्यात उथळ होणारी. आणि तिच्यावर चालण्याजोग्या होड्यांची संख्या अपुरी. बसऱ्याहून कुतपर्यंत लोहमार्ग नव्हता. मोहिमेचा विस्तार झाला, परंतु तिला पोसणारी साधने त्या प्रमाणात वाढली नाहीत. याची जाणीव असूनही बगदाद घेण्याचा मोह वरिष्ठ सेनापती जनरल निक्सन व त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांना आवरला नाही.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या दक्षिणेस टेसिफॉन येथे लढाई सुरू झाली. तुर्कांची पहिली फळी काबीज करण्यात यश आले. पण त्यासाठी सुमारे साडेचार हजार माणसे ठार व जखमी झाली. डिव्हिजनची लढण्याची ताकदच त्यामुळे संपली. जखमींना नेण्यासाठी पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. त्यांना बिनस्प्रिंगांच्या खेचरगाड्यांत घालून खडबडीत जमिनीवरून नदीकाठी आणण्यात आले. तेथून होड्यांवर दाटीवाटीने पडून ते बसऱ्यास पोहोचले तेव्हा अनेकांच्या जखमा सडलेल्या होत्या. मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने हे दृश्य पाहून तक्रार केली, तेव्हा प्रथम त्यालाच गप्प बसविण्याचा प्रयत्न झाला. पुढे १९१७ मध्ये मेसोपोटेमिया चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पलटणीच्या सेवावृत्तात या प्रसंगाची नोंद 'टेसिफॉन' या एका शब्दाने होते.

कुतचा वेढा

टेसिफॉनहून माघार घेत, वाटेत १ डिसेंबरला उम्म-अत-तुबूल येथे पाठलाग थोपवीत, थकलेले सैन्य ३ डिसेंबर १९१५ रोजी कुतला पोहोचले. काही दिवसांतच तुर्कांनी गावाला वेढा घातला. कुत हे तैग्रिसच्या वळणात सापडलेले छोटे गाव. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला खंदकांची फळी अशी बचावाची रचना होती. सतरावी ब्रिगेड ईशान्येकडील कच्च्या किल्ल्याच्या बाजूला होती. २४ डिसेंबर रोजी किल्ल्याची भिंत तोफांनी पाडून तुर्कांनी केलेला निकराचा हल्ला परतविण्यात आला. नदीपलीकडे लोकर दाबण्याच्या कारखान्याची एक वस्ती होती. तिच्या रक्षणाची जबाबदारी ११० व्या मराठा व १२० व्या पलटणीवर होती. मुख्य गावापासून नदीने तोडलेले असे हे ठाणे होते.

त्यानंतर मोठे हल्ले थांबले आणि उपासमारीचा काळ सुरू झाला. गावात सैनिक, सेवक आणि सुमारे सहा हजार स्थानिक रहिवासी अडकले होते. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेने शेख सआद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशा एकामागून एक लढाया दिल्या. त्यांत सुमारे २३ हजार माणसे ठार व जखमी झाली. कुतमध्ये अडकलेल्या पलटणींसाठी भारतातून निघालेले नवे जवान आपल्या पलटणीपर्यंत पोहोचू शकत नव्हते. त्यांच्या संमिश्र पलटणी बनवून या लढायांत उतरविण्यात आल्या. एकाच पलटणीचे शिपाई अशा रीतीने वेढ्याच्या आत व बाहेर एकाच वेळी होते. एका क्रमांकाखाली लिहिलेल्या वृत्तान्तात ही गोष्ट सहसा दिसत नाही.

धान्य संपत आले तेव्हा घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. बहुसंख्य भारतीय शिपायांनी ते नाकारले. धर्माबरोबरच गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील याचीही चिंता त्यामागे होती. सेनापतीने भारतातील धर्मगुरूंकडून अनुमती मागविली, ती मिळालीही. तरी पुष्कळांनी एप्रिल १९१६ च्या मध्यापर्यंत नकार कायम ठेवला. ताज्या भाज्या नसल्यामुळे भारतीय शिपायांत स्कर्व्ही, म्हणजे हिरड्यांतून रक्त येऊन शरीर खचविणारा आहारजन्य रोग, पसरला. हा नकार काही इंग्रज लेखकांनी हटवाद ठरविला. परंतु परतण्याची आशा ज्याने सोडलेली नाही तोच परतल्यावर पंगतीत बसता येईल की नाही याचा विचार करतो, ही बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे.

एप्रिलमध्ये विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्यात आल्या. विमानांतून रसद पुरविण्याचा इतिहासातील हा आरंभीचा प्रयत्न होय; पण इतक्या माणसांना तो पुरणारा नव्हता. २४ एप्रिलला 'जुलनार' ही रसदीची बोट तुर्कांच्या हाती पडली. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. युद्धाच्या अधिकृत इतिहासानुसार शरण आलेल्यांत २७७ इंग्रज अधिकारी, २०४ भारतीय अधिकारी, २,५९२ इंग्रज शिपाई, ६,९८८ भारतीय शिपाई आणि ३,२४८ सेवक, अशी एकूण १३,३०९ माणसे होती. दर चौघांमागे तिघांहून अधिक भारतीय होते आणि जवळपास एक चतुर्थांश माणसे ज्यांना आपण बाजारबुणगे म्हणून मोजणीबाहेर ठेवतो ती होती.

शरणागतीनंतरची सेवा

१०३ व्या, ११० व्या व ११७ व्या पलटणीचे मेसोपोटेमियातील सेवावृत्त सर्वसाधारणपणे २९ एप्रिल १९१६ या तारखेशी येऊन थांबते. पुढची ओळ भारतातून आलेल्या नव्या भरतीने पलटण पुन्हा उभी राहिल्याची असते. प्रशासनाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पलटण हा एक क्रमांक आहे आणि क्रमांक कैद होत नाही. परंतु त्या क्रमांकाखाली सेवा करणारी माणसे अजून सेवेतच होती. त्यांचे पगारपत्रक चालू होते, त्यांची कुटुंबे गावी वाट पाहत होती आणि त्यांच्या वाट्याला युद्धाचा सर्वांत कठीण भाग यावयाचा होता.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना पायी निघावे लागले. कुतहून बगदाद, तेथून समर्रापर्यंत रेल्वेने आणि समर्राहून मोसुलमार्गे रास-अल-ऐनकडे पुन्हा पायी, असा हा प्रवास होता. वेढ्याने आधीच खंगलेली माणसे मे-जूनच्या उन्हात, अपुऱ्या अन्नपाण्यावर, पहारेकऱ्यांचा मार खात चालली. बूट व कपडे वाटेत लुटले गेले. मागे पडलेल्यांचे काय झाले याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. जे पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. भारतीय कैदी मोठ्या संख्येने रास-अल-ऐनच्या परिसरात होते. याच वाळवंटात त्या काळात निर्वासित आर्मेनियन लोकांचा संहार झाला. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने कुतच्या कैदेत काढलेल्या दिवसांच्या आठवणी 'अभी ले बगदाद' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिल्या आहेत. भारतीय भाषेतील या विषयावरचे ते अत्यंत मोलाचे साधन आहे.

२,५९२ इंग्रज शिपायांपैकी सुमारे १,७५० कैदेत मेले अथवा बेपत्ता झाले. भारतीय शिपाई व सेवक यांच्यातील ही संख्या अडीच ते तीन हजार इतकी धरली जाते आणि तिच्यातील मोठा भाग बेपत्ता, म्हणून मृत मानलेल्यांचा आहे. ३० ऑक्टोबर १९१८ रोजी मुद्रोसचा तह झाला, तेव्हा कैदेला अडीच वर्षे झाली होती. फाओपासून कुतपर्यंतचा प्रवास दीड वर्षाचा आणि कैद अडीच वर्षांची. वृत्तान्तात मात्र पहिल्याची ओळनिहाय नोंद आणि दुसऱ्याविषयी मौन, असे हे प्रमाण आहे.

तुलनेसाठी एक उदाहरण

येथे अमेरिकन उदाहरणाकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल. संघराज्याची १६ वी कनेक्टिकट पायदळ पलटण ऑगस्ट १८६२ मध्ये उभी राहिली आणि अवघ्या काही आठवड्यांत अँटीटमच्या लढाईत उतरली. एप्रिल १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील प्लिमथ येथे ही पलटण जवळजवळ संपूर्ण कैद झाली. शिपायांना जॉर्जियातील अँडरसनव्हिल येथील छावणीत नेण्यात आले. या छावणीत सुमारे ४५ हजार कैदी आले आणि त्यांतील जवळपास १३ हजार मेले. कुतच्या मराठा पलटणींशी या पलटणीचे साम्य उघड आहे. दोन्हींकडे पलटण अखंड शरण गेली आणि कैदेने रणांगणापेक्षा कठोर वसुली केली.

फरक पुढे पडतो. अँडरसनव्हिल येथे डॉरेन्स अॅटवॉटर या तरुण कैद्याला मृतांची यादी लिहिण्याचे काम होते. त्याने तिची एक प्रत गुप्तपणे स्वतःजवळ ठेवली. युद्ध संपल्यावर १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन व अॅटवॉटर यांच्या उपस्थितीत त्या यादीच्या आधारे कबरींवर नावे लावण्यात आली. जवळपास १३ हजार कबरींपैकी केवळ साडेचारशेच्या आसपास अनामिक राहिल्या. एका शिपायाने राखलेल्या एका वहीमुळे सेवावृत्ताची शेवटची ओळ पूर्ण झाली. रास-अल-ऐनच्या वाटेवर अशी वही राखली गेली नाही.

नावे आणि आकडे

स्मरणाच्या व्यवस्थेनेही हा फरक वाढविला. मेसोपोटेमियात ज्यांची कबर ज्ञात नाही अशा सुमारे ४० हजार ६०० जणांसाठी बसरा येथे उभारलेल्या स्मारकाचे अनावरण १९२९ मध्ये झाले. त्यावर इंग्रज अधिकारी व शिपाई यांची नावे कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांची नावेही कोरली गेली. परंतु भारतीय शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या देण्यात आली. सुभेदाराला नाव मिळाले, त्याच्या शिपायांना बेरीज मिळाली. १९९७ मध्ये इराकी सरकारने हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या मार्गावर नेले.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये एका विशेष समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात आशियाई व आफ्रिकी मृतांच्या बाबतीत समान स्मरणाचे तत्त्व पाळले गेले नाही हे मान्य करून क्षमा मागण्यात आली. ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजारांचे स्मरण नावाने झाले नाही अथवा मुळीच झाले नाही, असे समितीचे निरीक्षण आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या भारतीय शिपायांची जी नावे सैन्याकडून आयोगाला मिळाली ती स्मरणयाद्यांत छापली गेली होती आणि आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही आढळतो.

पलटणींचा वारसा मात्र अखंड राहिला. १९२१ मध्ये ११७ व्या पलटणीला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी बटालियन झाली. यांतील तिसरी १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगाव येथे आहे. संस्थेची स्मृती अशी जपली गेली. व्यक्तीची स्मृती जपण्याची जबाबदारी उरते.

अध्यापकांपुढील कार्य

हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील महाविद्यालयांना दूरचा वाटण्याची शक्यता आहे, कारण मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण व पश्चिम महाराष्ट्रातून होत असे. परंतु प्रश्न एका प्रदेशाचा नसून पद्धतीचा आहे. चिमूरमध्ये १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावातील हुतात्म्यांची नावे दरवर्षी घेतली जातात. बालाजी रायपूरकर हे नाव येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नाव राहिले म्हणून घटना राहिली, हे आपण आपल्या गावात अनुभवतो. त्याच वर्षी आपल्याजवळच्या कामठी छावणीत महार रेजिमेंटची दुसरी बटालियन उभी राहिली, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. एकाच वर्षी एकाच प्रदेशातील काही तरुण परकीय सत्तेविरुद्ध उठले आणि काही तरुण, पूर्वी नाकारलेला सैनिकी सेवेचा हक्क मिळवून, सैन्यात गेले. या दोन्ही इतिहासांना एकत्र वाचण्याची क्षमता विद्यार्थ्यांत निर्माण करणे हे अध्यापकाचे काम आहे.

त्यासाठी तीन कामे सहज हाती घेता येण्याजोगी आहेत. पहिले, आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदी पलटणीनुसार काढून त्यातील गावांची नावे मराठी रूपात निश्चित करणे. इंग्रजी लिपीत विपर्यस्त झालेले गावाचे नाव ओळखणे हे मराठी जाणणाऱ्यालाच शक्य आहे. दुसरे, गावोगावी चावडी, शाळा वा मंदिराच्या भिंतीवर बसविलेल्या १९१४–१९१९ च्या संगमरवरी पाट्यांची छायाचित्रांसह नोंद करणे. या पाट्यांवरही गावातून किती गेले व किती मेले एवढेच आकडे असतात. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात मृत्युमुखी पडले. 'आपशिंगे मिलिटरी' हे नाव त्या गावाने आजतागायत जपले आहे. तिसरे, माजी सैनिकांच्या कुटुंबांतील पदके, पत्रे व पेन्शनची कागदपत्रे यांची नोंद घेणे. यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घेता येईल.

असे कार्य अशक्य नाही हे पंजाबच्या उदाहरणावरून दिसते. लाहोरच्या संग्रहालयात अनेक दशके पडून राहिलेल्या गाववार नोंदवह्यांतील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती संगणकीकृत करून २०२१ पासून ती अभ्यासकांना व वंशजांना खुली करण्यात येऊ लागली. मराठी मुलखात हे काम विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी वाटून घेतल्यास राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही त्याचा मोठा भाग पूर्ण होऊ शकेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पलटणीचे सेवावृत्त हे विश्वसनीय परंतु अपूर्ण साधन आहे. त्यातील तारखा, ठिकाणे व ब्रिगेड यांवर अभ्यासक विसंबू शकतो. परंतु ते संस्थेच्या दृष्टीने लिहिलेले असते आणि संस्था जेथे थांबते तेथे ते थांबते. शैबा व टेसिफॉन यांची नोंद त्यात मिळते. खेचरगाडीतील जखमी, घोड्याचे मांस नाकारणारा शिपाई, भिस्ती आणि रास-अल-ऐनच्या वाटेवर मागे पडलेला कैदी यांची मिळत नाही. म्हणून सेवावृत्त वाचताना लढाईमानांच्या यादीबरोबर रसदीचा मार्ग, रोगांची नोंद, कैद्यांची संख्या आणि स्मारकावरील मजकूर हे चार घटक जोडून वाचणे आवश्यक आहे.

१०३ वी, ११० वी व ११७ वी या पलटणींचे सेवावृत्त २९ एप्रिल १९१६ ला संपत नाही. ज्या शिपायाच्या गावाचे नाव एखाद्या नोंदीत चुकीच्या वर्णांनी अजून पडून आहे, ते नाव ओळखून त्याच्या गावापर्यंत पोहोचविले जाईल तेव्हाच त्या वृत्तान्तातील एक ओळ पूर्ण होईल. अशा हजारो ओळी लिहावयाच्या राहिल्या आहेत आणि त्या लिहिण्यासाठी आवश्यक असलेली भाषा आपल्यापाशी आहे.